आधी आली ती काच

आमचं घर दोन खोल्यांचं आहे, असं मी कॉलेजात सांगायचे. खरं तर खोली एकच होती आणि मधोमध चादरीचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडे आई भाकरी करायची, पलीकडे आम्ही तिघं राहायचो. वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी त्या पत्र्याखाली बसवायचं नाही, पण कडक भाकरीला ऊन चांगलं असतं, म्हणून आमच्या घरात उन्हाला कोणी नावं ठेवत नसे. आई पहाटेपासून बसायची. पातळ भाकरी थापायची, तव्यावर शेकायची, मग चुलीच्या अंगाला उभी करून ती पापडासारखी वाजेपर्यंत वाळवायची. नवी पेठेतल्या एका दुकानातून माणूस येऊन चळती घेऊन जायचा. मोडलेल्या भाकरी आमच्या. मोडलेली भाकरी, शेंगाची चटणी आणि वर कच्चं तेल, हे आमचं दोन्ही वेळचं जेवण. ज्या दिवशी आईचा हात चांगला चालायचा आणि एकही भाकरी मोडायची नाही, त्या दिवशी आमची पंचाईत व्हायची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सुताच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात शिपाई होते. चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर वळणदार, पण ते वापरायची वेळ फक्त पगाराच्या सहीला यायची. घरात टीव्ही होता, काळा-पांढरा. त्याचं चित्र आधी अर्धं झालं, मग त्याची आडवी रेघ झाली, रेघेचा ठिपका झाला आणि एके दिवशी ठिपकाही गेला. तेव्हापासून आई त्याच्यावर भाकरीचं टोपलं ठेवायची. तिची एक मालिका होती. ती बघायला ती समोरच्या लक्ष्मक्काच्या दारात उभी राहायची. लक्ष्मक्का विड्या वळायची, आमची आई पिठाचे हात अंगापासून लांब धरून उंबऱ्याबाहेर उभी. "आत बस की गं," असं लक्ष्मक्का रोज म्हणायची आणि आई रोज "बसते की" म्हणून उभीच राहायची. जाहिराती लागल्या की पळत येऊन तव्यावरची भाकरी उलटायची आणि परत जायची. मालिकेतल्या सुनेचं काय होणार याची तिला जेवढी काळजी होती, तेवढी माझी नव्हती. माझी काळजी आप्पांकडे होती.

बारावीला मला बरे मार्क पडले आणि मी बी. एस्सी.ला कॉम्प्युटर घेतला. का घेतला, तर यादीत त्याच्यासमोर सगळ्यांत लांब रांग होती. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायचं कोणाला हा प्रश्नच नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये चालू असलेले कॉम्प्युटर तीन आणि आम्ही चाळीस. मुलं खुर्च्या धरायची, आम्ही मुली मागे उभ्या राहून वहीत उतरवून घ्यायचो. पहिल्या दोन महिन्यांत माझा हात कीबोर्डला लागला तो एकदा, तोही धूळ पुसायला सांगितली म्हणून. सर वर्गात म्हणाले, "घरी सराव करा, नाहीतर प्रॅक्टिकलला बसून काही उपयोग नाही." मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आप्पा म्हणाले, "घरी म्हणजे?" मी म्हटलं, "घरी कॉम्प्युटर पाहिजे." आप्पांनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो की नाही, हे आमच्याकडे कोणालाच कळायचं नाही. त्यांनाही कळत नसावं.

मग तो योग आला. आप्पांच्या शेठनी ऑफिसात नवे कॉम्प्युटर आणले आणि जुनं सामान नोकरमाणसांना वाटून टाकायचं ठरवलं. एका माणसाला एक वस्तू, जुन्या माणसाने आधी उचलायचं. आप्पा सगळ्यांत जुने. टेबलावर आणि टेबलाखाली मांडून ठेवलेलं ते सामान त्यांनी बघितलं आणि अजिबात वेळ न घालवता टेबलावरची वस्तू उचलली. त्यांचंही बरोबर होतं. सहा वर्षं रोज सकाळी ते तिच्यावरचं कव्हर काढायचे, मऊ फडक्याने काच पुसायचे, शेजारी उदबत्ती लावायचे. शेठ यायचे ते तिच्याचकडे बघत बसायचे. हिशोबनीस तिच्याकडे बघून कपाळाला हात लावायचा. गिऱ्हाईक आलं तर तेही तिच्याकडे बोट करून बोलायचं. ऑफिसातल्या झाडून सगळ्या माणसांचं तोंड दिवसभर जिच्याकडे, ती वस्तू मुख्य नसेल तर कोणती असेल? टेबलाखाली पत्र्याचा एक डबा असायचा, त्याला त्यांचा झाडू रोज अडायचा. त्या डब्यावर कीबोर्ड सुतळीने बांधून ठेवला होता. तो डबा ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर महादेव याने उचलला.

रिक्षातून चादरीत गुंडाळलेली ती वस्तू आमच्या गल्लीत आली तेव्हा मी भाकरीच्या चळती बांधत होते. आप्पा रिक्षातून उतरलेच नाहीत, मांडीवर ती घेऊन बसून राहिले आणि आतूनच ओरडले, "सुजाता, जागा कर! कॉम्प्युटर आलाय." गल्लीला आणखी काय पाहिजे? पाच मिनिटांत आमच्या घरात वीसेक माणसं. आईने मेलेल्या टीव्हीवरचं टोपलं काढलं, त्याच्यावर धुतलेला टॉवेल अंथरला, आप्पांनी वस्तू ठेवली. भिंतीवरच्या फोटोंसमोर मेणबत्ती लावून वंदना झाली. मग चादर काढली, आणि मला दिसलं की तो नुसता मॉनिटर आहे.

मला वाटलं बाकीचं रिक्षात असेल. रिक्षा गेलेली होती. आप्पा म्हणाले, "लाव." मी पिन बोर्डात घातली, बटण दाबलं. काच जरा उजळली आणि तिच्यावर एक छोटी चौकट आली. चौकटीत इंग्रजीत दोन शब्द. ती चौकट काचेच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हळूहळू फिरायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मक्का म्हणाली, "काय लिहिलंय गं त्येच्यात?"

इथे मी सांगायला पाहिजे होतं. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ऑफिसातून येताना वाटेत कुठेतरी थांबून त्यांनी तो बदलला असणार, कारण सकाळी ते गेले तेव्हा त्यांच्या अंगात दुसरा होता. मी म्हटलं, "सिग्नल नाही म्हणतोय."

"आस्सं व्हय!" लक्ष्मक्का म्हणाली. "मग केबल लावा की! आमच्या टीव्हीला पण केबल गेली की ह्येच येतंय." सगळ्या गल्लीने माना डोलावल्या. दोष कळला, उपाय कळला, लोक आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी गौसभाईंना आणलं. आमच्या भागातल्या सगळ्या गच्च्यांवरून त्यांच्या केबलच्या वायरी गेलेल्या होत्या. गौसभाईंनी मॉनिटर फिरवला, मागे बघितलं, खाली वाकून बघितलं, मेलेल्या टीव्हीच्या मागे बघितलं. आप्पा पाणी आणायला उठले तसं ते हळूच मला म्हणाले, "बेटा, इसका डब्बा किधर हय? ये तो खाली काच हय." मी म्हटलं, "चाचा, आप्पांना सांगू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. आप्पा पाणी घेऊन आले तोवर त्यांचं ठरलं होतं. "आप्पा, क्या हय की, इसकू ट्यूनर लगता," ते म्हणाले. "छोटी मशीन हय. वो लगाए तो सब दिखता." आप्पांनी एवढंच विचारलं, "म्हणजे पूर्ण होतंय न्हवं?" गौसभाई खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "टीव्ही तो पूरा होता."

अशा रीतीने आमच्याकडे केबल आली. ट्यूनर म्हणजे वहीएवढी चपटी पेटी. तिच्यात एकीकडून केबल जायची, दुसरीकडून मॉनिटरची वायर निघायची. नवा टीव्ही घेण्याची आमची ताकद नव्हती, आईच्या दोन महिन्यांच्या भाकरीत ट्यूनर मात्र बसला. आवाजासाठी गौसभाईंनी एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर जोडून दिला. त्या स्पीकरमुळे सगळी माणसं पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखी बोलायची, पण रंग काय होते! मॉनिटरचं चित्र टीव्हीपेक्षा बारीक आणि स्वच्छ असतं, हे आजही मी कोणालाही पटवून देईन. आई चुलीसमोर बसून पडदा बाजूला सारून मालिका बघायला लागली. लक्ष्मक्काला ती म्हणाली, "आमच्या कॉम्प्युटरवर तिच्या साडीची जर पण दिसती गं." आता लक्ष्मक्का आमच्या दारात येऊन उभी राहायला लागली. आई म्हणायची, "आत बस की."

गल्लीत आमच्या घराला कॉम्प्युटरवाल्यांचं घर म्हणायला लागले. कोणी आप्पांना म्हणायचं, त्याच्यावर बघून रेल्वेचा टाइम सांगा की, तर आप्पा म्हणायचे, "पोरगीचं शिक्षण अजून तितपर्यंत आलेलं न्हाई." संध्याकाळी घरी आले की पहिला प्रश्न, "केलीस का प्रॅक्टिस?" मी "केली" म्हणायचे. सकाळच्या वेळी एका चॅनेलवर टाय लावलेले एक प्राध्यापक फळ्यावर इंग्रजीत शिकवायचे. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. ते रसायनशास्त्र शिकवायचे. माझा तो विषय नव्हता, पण आप्पा कामावर जाताना मला तशी बघून जायचे आणि त्यांचा दिवस चांगला जायचा. आज माझ्या लॅबमध्ये तीस कॉम्प्युटर आहेत आणि त्यांच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये असतात. एखादी मुलगी "मॅडम, घरी सराव केला" असं फार पटकन म्हणाली, की मी तिला पुढे काही विचारत नाही. मशीन मोकळं करून देते.

वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकल झालं. प्रोग्राम मला पाठ होता. कागदावर मी तो डोळे मिटून लिहिला असता. पण कीबोर्डवर अर्धविराम कुठे असतो ते मला माहीत नव्हतं, आणि त्या भाषेत प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो सापडला तेव्हा सरांनी वेळ संपल्याचं सांगितलं. निकाल बोर्डावर लागला. लेखीत पास, प्रॅक्टिकलला नापास. पुढच्या परीक्षेला तो विषय सुटला नाही तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं असतं तर कॉलेजही गेलं असतं. मामाने मंगळवेढ्याचं एक स्थळ आधीच सांगून ठेवलं होतं.

आप्पा रागावले नाहीत. चहा प्यायले, उठले आणि त्यांनी ट्यूनरची पिन काढून टाकली. आईची मालिका अर्ध्यात गेली. "आजपासून टीव्ही बंद," ते म्हणाले. "घरात कॉम्प्युटर आसून पोरगी नापास हुती म्हणजे काय? टीव्हीनं वाटोळं केलं. बस, सुजाता. कर प्रॅक्टिस. मी हितं बसतो." आणि ते माझ्या पाठीमागे बाजेवर बसले.

मी मॉनिटरसमोर बसले. काचेवर ती चौकट आली आणि फिरायला लागली. डाव्या कोपऱ्यातून वर, तिथून उजवीकडे, मग खाली. मी तिच्याकडे बघत होते, आप्पा तिच्याकडे बघत होते. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आई पलीकडे भाकरी थापत होती, तिचा थप-थप आवाज येत होता. आप्पा म्हणाले, "ही प्रॅक्टिस व्हय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कर की."

"आप्पा, हा कॉम्प्युटर नाही. ही नुसती काच आहे. कॉम्प्युटर दुसरीकडे असतो, तो काय करतो ते ह्याच्यावर दिसतं."

थापायचा आवाज थांबला. आप्पांनी विचारलं, "दुसरीकडं म्हणजे कुटं?"

"टेबलाखाली पत्र्याचा डबा असतो ना, त्याच्यात."

चौकटीने दोन फेऱ्या मारल्या. मग आप्पा म्हणाले, "त्येला मी सा वर्सं झाडू मारलाय." आणि थोड्या वेळाने, "तुला हे कधी कळलं?" मी म्हटलं, "पहिल्या दिवशी." ते म्हणाले, "मग एक वरीस मला येडा करत हुतीस व्हय गं?" आई पडद्याआडून म्हणाली, "तुमचं तोंड पडंल म्हणून गप बसली ती." आप्पा म्हणाले, "माझं तोंड पडलं आसतं तर चार दिवसांत उचललं आसतं. तिचं वरीस कुटनं उचलू?"

रविवारी आम्ही दोघं एस.टी.ने मोहोळला गेलो. ड्रायव्हर महादेव तिथून रोज येऊन-जाऊन काम करायचा. आईने कडक भाकरीची एक न मोडलेली चळत आणि चटणी बांधून दिली होती. महादेवच्या घरात शिरल्या शिरल्या मला डबा दिसला. तो भिंतीला लावून उभा होता आणि त्याच्यावर ज्वारीच्या पिठाचा पिंपाएवढा डबा ठेवलेला होता. कीबोर्ड खिळ्याला टांगलेला.

महादेवला कारण सांगायची गरज पडली नाही. तो हसायलाच लागला. "या आप्पा, या! मला ठावंच हुतं, एक दिवस येनार. त्या दिवशी तुमी पैला हात घातला, मी म्हनलं गेला आपला डबा! तर तुमी काच उचलली! म्हनलं आप्पांना तोंड बघायला आरसा पायजे आसंल." त्याच्या बायकोने पाणी दिलं. तो थांबेना. "सा वर्सं हो, आप्पा! रोज पुसत हुता, रोज झाडत हुता. वळखलं न्हाई?"

मला वाटलं आप्पा उठतील. आमच्या आप्पांनी शेठचंही कधी वाकडं बोलणं ऐकून घेतलेलं नव्हतं. ते बसून राहिले. "न्हाई वळखलं," ते म्हणाले. "चूक झाली. माझ्या हुशारीनं पोरगी नापास झाली. तुजा डबा मला दे, महादेवा. काय मागशील ते देतो."

महादेवचं हसू जरा कमी झालं, पण तो तयार नव्हता. "तसं कसं? मी पन काच घ्येनार हाय की पुढं. माझ्या बी घरात चालू करायचाय." तेव्हा त्याची बायको म्हणाली, "कवा? वरीस झालं पीठ ठिवतोय त्येच्यावर. द्या की हो पोरीला. पिठाला काय, मी विटा लावते." महादेव म्हणाला, "तू मधी बोलू नको." ती मधेच बोलून मोकळी झालेली होती. तिने पिठाचा डबा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि पदराने कॉम्प्युटर पुसला. महादेव पुसलेल्या कॉम्प्युटरकडे बघत बसला. मग उठून त्याने खिळ्यावरचा कीबोर्ड काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो पन लागतोय," तो आप्पांना म्हणाला. "न्हाईतर परत याल." बदल्यात त्याने काही घेतलं नाही, भाकरी सोडून.

परतीच्या गाडीत आप्पांनी डबा मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "मागं ठेवा की ओ, काय हाय त्यात?" आप्पा म्हणाले, "कॉम्प्युटर." मग पुढे म्हणाले, "खरा." गल्लीत शिरल्यावर लक्ष्मक्का दारातच होती. आप्पा थांबले. कोणी विचारलेलं नसताना त्यांनी सांगितलं, "लक्ष्मक्का, आधी आणलं ती नुसती काच हुती. कॉम्प्युटर आज आला." लक्ष्मक्काने विचार केला. "मग इतके दिवस आमी काय बघत हुतो?" आप्पा म्हणाले, "टीव्ही."

डबा चालू होईना. नुसताच पिप-पिप करायचा. मी स्क्रू काढून तो उघडला तर आत ज्वारीचं पीठ. रंगवायच्या ब्रशने ते सगळं झाडून काढलं. लॅबमधल्या असिस्टंटने एकदा सांगितलेलं आठवलं, म्हणून मेमरीची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला आणि परत दाबून बसवली. बटण दाबलं. एकच पिप झालं आणि काचेवर पहिल्यांदा ती चौकट आणि टीव्ही सोडून दुसरं काहीतरी आलं. आप्पा जवळ येऊन बघत होते. "आता प्रॅक्टिस हुती का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता होते."

राहिला प्रश्न आईचा. काच एक, माणसं दोन आणि वेळ तीच. ट्यूनरच्या रिमोटवर एक बटण होतं, ते दाबलं की कॉम्प्युटर चालू असताना टीव्ही वरच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढा दिसायचा. गौसभाईंनी येऊन ते दाखवलं आणि आमच्या घरातलं भांडण लागायच्या आधीच मिटलं. पुढची दोन वर्षं मी तसाच अभ्यास केला. काचेवर माझा प्रोग्राम आणि वर उजव्या कोपऱ्यात आईची सून रडतेय. माझी काही ओळ त्या कोपऱ्याखाली जायची, तेव्हा मी सुनेला उचलून खाली नेऊन ठेवायचे. आई चुलीपासून म्हणायची, "हलवू नको गं, निकाल लागतोय तिचा." मी म्हणायचे, "माझाही लागायचाय." ती हात झटकून, पुढे सरकून, डोळे बारीक करून बघायची. कधी कधी मला वाटायचं की ती सुनेकडे बघतेय, पण विचारायची ती, "त्या ओळीच्या शेवटाला ते टिंब आन् शेपूट काय गं?" मी सांगायचे, अर्धविराम. मग तो राहून गेला की मला ती सांगायची. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण शेपूट नसलेली ओळ तिला लगेच दिसायची.

मामाला आप्पांनी कळवून टाकलं की स्थळ दुसरीकडे बघ. राहिलेलं प्रॅक्टिकल मी पुढच्याच खेपेला सोडवलं. त्यानंतर एकही विषय राहिला नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा आप्पा ऑफिसला दांडी मारून माझ्याबरोबर कॉलेजात आले आणि बोर्डावरचं माझं नाव त्यांनी स्वतः शोधलं. त्यांना थोडा वेळ लागला. मी मदत केली नाही. दुसरा वर्ग. मी बी. एस्सी. झाले.